चौथी स्टेज

देवानंदला स्कॅनआधीचं इंजेक्शन देऊन बराच वेळ झाला होता. नर्सने सांगितल्याप्रमाणे तो पाणी पीत बसला होता. शेजारी बापूजी मनातल्या मनात राजाचे संवाद म्हणत होता.

दोघंही वडशाच्या एका नाटक कंपनीतले. राजाचा पार्ट कायम देवानंदचा, सेनापतीचा बापूजीचा. मुजरे करून करून बापूजीची कंबर मोडली होती. देवानंदला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच म्हणाला, "नागपूरले मी येतो तुह्यासंग." केवढं हे प्रेम! दिवाळीनंतरच्या सीझनचे पार्ट मालक लहानूभाऊंनी अजून वाटले नव्हते.

"भेव लागून राह्यलं, बापू," देवानंद म्हणाला. "अंगात पसरला असन त?"

"नाई गा. काऊन घाबरतं?"

स्कॅन झालं. डॉक्टरांनी दोघांना स्क्रीनसमोर बसवलं. देवानंदचं अख्खं शरीर राखाडी दिसत होतं आणि जबड्यापाशी, पोटात, ओटीपोटात लख्ख उजेड. इंजेक्शनातलं औषध कॅन्सरला चिकटतं आणि तिथे चमकतं, एवढं बापूजीने नर्सकडून आधीच काढून घेतलं होतं. त्याचा ऊर भरून आला. जिकडंतिकडं पसरला, बाप्पा!

"या लाळेच्या ग्रंथी, ही मूत्रपिंडं, ही लघवीची पिशवी," डॉक्टर बोट फिरवत म्हणाले. "हे सगळ्यांचंच चमकतं. आजार म्हणजे फक्त हा ठिपका. प्रोस्टेटच्या बाहेर कुठेच गेलेला नाही. पहिली स्टेज. ऑपरेशन करू, दिवाळीपर्यंत हिंडायला लागाल."

"स्टेज त आपलीच हाय, साहेब!" देवानंद रडता रडता हसला आणि बापूजीच्या गळ्यात पडला.

बापूजीचा नुसता जळफळाट झाला. मेल्याला कॅन्सरसुद्धा पहिल्या नंबरचा!

देवानंद लघवीला गेला तसा बापूजीने मालकांना फोन लावला.

"काय निंगालं, बापू?"

"चौथी स्टेज, भाऊ." आवाज कापरा करायला त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. "पार हाडापर्यंत गेला. त्याले पहिली म्हनून सांगतलं हाय, नाईतं हाय खाईन बिचारा. तुमीबी तसंच बोलजा."

"अरेरे! आन् डॉक्टर काय म्हनते?"

"काही उरलं नाई म्हनते. म्हनून म्हनलं, राजाच्या पार्टाचं आता तुमीच पाहा."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. बापूजीने फोन कानाशी घट्ट धरला.

"पाहाचं काय त्यात? शेवटचा सीझन हाय त्याचा. राजा तोच," लहानूभाऊ म्हणाले. "आन् सेनापती मी दुसऱ्याले देतो. तू त्याच्या मांगं पंखा घेऊन उभा राहाजो, बापू. पडला त झेलजो."