वाचतं कोण?

सोमवारी सकाळी दहा वाजून एक मिनिटानं डेलिया कोवारिकनं ई-मेल उघडला, वाचला आणि लॅपटॉप मिटला.

"काय गं?" अयेननं विचारलं. मेडिकलच्या एकाच वर्गातल्या या दोघी ओमाहातल्या या खोलीत चार वर्षं एकत्र राहत होत्या. अयेनच्या फोनवर तिला जागा मिळाल्याचा निरोप आधीच आला होता. तिनं फोन पालथा ठेवला.

"नाही मिळाली."

"कुठेच नाही?"

"ऐंशी अर्ज, तीन मुलाखती, आणि हे." डेलिया हसली. ते हसणं बघवत नव्हतं.

मे महिन्यात ती डॉक्टर होणार होती. पण रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलात पुढचं शिकत काम करण्याची जागा नसेल, तर नुसत्या डॉक्टरकीला कुत्रं विचारत नाही. तिला हाडांची सर्जन व्हायचं होतं, दुसरं काही नाही. ती अकरा वर्षांची असताना तिच्या बाबांचा उजवा हात मांसाच्या कारखान्यात यंत्राखाली चेपला. इथल्या डॉक्टरांनी कापायचा म्हटलं होतं. डेन्व्हरच्या एका हॉस्पिटलानं तो हाड न् हाड जुळवून परत दिला. त्या हातानं बाबा अजून दर रविवारी कोलाचेचं, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचं, पीठ मळायचे. डेलियाला त्याच हॉस्पिटलात शिकायचं होतं.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. दुसऱ्या वर्षाच्या मोठ्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा बसून पास झाली, पण 'नापास' हा शब्द अर्जाला कायमचा चिकटला.

"यावर पांघरूण घालायला एकच गोष्ट आहे पोरी," डॉक्टर प्रेविट तेव्हा म्हणाले होते. हे तिचे मार्गदर्शक, स्वभावानं भोळे सांब. "संशोधनाचे पेपर छाप. डेन्व्हरवाले पेपर मोजतात. वीसच्या वर असले की बाकी काही न बघता मुलाखतीला बोलावतात."

मग काय, पोरीनं स्वतःला जुंपून घेतलं. गुडघ्यांवर पेपर, खुब्यांवर पेपर, घोट्यांवर चार. दोन ख्रिसमस गेले, एक बरा मुलगा हातचा गेला.

"वाचतं कोण गं हे सगळं?" अयेन चिडवायची.

"वाचायला कोण लिहितंय? हे मोजायला असतं," डेलिया म्हणायची.

जुलैत बावीस झाले होते. तेवढ्यात प्रेविटसरांनी एक गठ्ठा पुढे केला. "जुन्या रेसिडेंटांच्या फायली आहेत, तीनशे बारा. तक्ता करून दे. पेपरावर पहिलं नाव तुझं."

तिनं एकोणीस दिवसांत तक्ता केला. वय, कॉलेज, पेपर किती, उंची, पाच वर्षांनी वरिष्ठांनी दिलेले गुण. निष्कर्ष सरांनी लिहिला. तिनं स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तेवढं तपासलं. ऑगस्टमध्ये तो छापून आला आणि यादी तेवीसवर गेली. सप्टेंबरात तिनं अर्ज भरले.

आणि डेन्व्हरनं साधं मुलाखतीलाही बोलावलं नाही. तेवीस पेपर असून! तिथे ती महिनाभर काम करून आली होती, निरोपाला नर्सनी केक कापला होता. का बोलावलं नाही, हे कोणी सांगेना.

आता उरलेल्या जागांची यादी आली. तिच्यात हाडांची एकही नव्हती.

बाबांचा फोन आला. "काय डॉक्टरीणबाई? शुक्रवारी तुझ्या जागेच्या पार्टीला किती माणसं धरू? खसखशीचे तीन डझन करतोय, जर्दाळूचे दोन."

"बाबा, नका करू."

पलीकडे परात सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "पीठ भिजवून झालंय गं. करतोच. तू घरी ये." तिला रडू फुटलं. तिनं फोन ठेवला.

दुपारी ती प्रेविटसरांच्या खोलीत गेली. टेबलावर नेहमीसारखा कागदांचा ढीग होता. सरांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "तेवीस कमीच पडले. आता पोरं तीस-तीस घेऊन येतात. एक वर्ष इथेच थांब. पगार नाही देता येणार, पण दहा-बारा पेपर सहज होतील. पुढच्या वर्षी पुन्हा डेन्व्हर."

"पुढच्या वर्षी तरी घेतील, सर?"

"का नाही घेणार?"

तिनं मान हलवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मनातल्या मनात ती मोजायलाही लागली. तेवीस आणि बारा, पस्तीस.

तिचा चेहरा बघून सरांना राहवेना. त्यांनी ढीग उपसायला घेतला. "थांब, तुला एक गंमत दाखवतो. ऑक्टोबरात आलं होतं, द्यायचं राहूनच गेलं. लोक म्हणतात आपले पेपर कोणी वाचत नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी वाचला, आणि तोही तुझा! डेन्व्हरच्या निवड समितीचं पत्र आहे."

त्यांनी चष्मा चढवला आणि कौतुकानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'प्रिय डॉक्टर प्रेविट, आपला आणि कोवारिक यांचा तीनशे बारा रेसिडेंटांवरचा पेपर आमच्या समितीनं अक्षर न् अक्षर वाचला. विद्यार्थ्याच्या पेपरांच्या संख्येवरून तो पुढे कसा सर्जन होईल हे मुळीच कळत नाही, हा आपला निष्कर्ष आम्हाला पूर्ण पटला. म्हणून यंदापासून अर्जातलं पेपरांचं पान आम्ही उघडायचंच नाही असं ठरवलं आहे, आणि परीक्षेत एकदा जरी नापास झालेल्यांचे अर्ज आधीच बाजूला काढले आहेत.'"