चष्म्याची काच

पणजी सुईण, आजी सुईण, आई प्रसूतिगृहातली दाई. नर्सची पांढरी टोपी मिळवणारी घराण्यात ही पहिली, आणि ती भर वॉर्डात काढून द्यावी लागलेलीही हीच. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. गट-उपचाराच्या खोलीत, गोलात मांडलेल्या खुर्च्यांपैकी खिडकीजवळच्या खुर्चीवर ती त्या झोपेसाठीच येऊन बसे. थोडेथोडे बोलूही लागली होती. मग एके दिवशी दार उघडून तिच्या जुन्या वॉर्डाच्या मेट्रनबाई आत आल्या, निवृत्त, पांढऱ्या केसांच्या. आणि हिची दातखीळ बसली.

समुपदेशिकेला दोघींची ओळख ठाऊक नव्हती. दुखऱ्या जागेपाशी आले की माणूस असाच अडून बसतो, उपचाराला विरोध करतो, असे ती समजुतीने सांगे. गटातला एक टॅक्सीवाला म्हणे, बाईंच्या तोंडात कुणीतरी थर्मामीटर विसरून गेलंय. सगळे हसत. ती हसत नसे.

मेट्रनबाईंचा विरोध निराळ्या जातीचा होता. स्वतःचे सोडून त्या इतरांचेच बघत. गटातल्या एकट्या पडलेल्या मास्तरांना जेवणाच्या वेळा बांधून देत, टॅक्सीवाल्याला कंबरेचे व्यायाम सांगत. जणू वॉर्डातली फेरी अजून संपलीच नव्हती. खिडकीजवळून ही नुसती पाहत राही. हिला घाई नव्हती.

त्या दुपारी मेट्रनबाई सल्ला देता देता मध्येच थांबल्या. खाली मान घालून त्यांनी सांगितले, की इंजेक्शनचा चुकीचा डोस मोठ्या डॉक्टरांनी तोंडी सांगितला होता आणि त्या शेजारीच उभ्या होत्या. रोगी दगावला, खापर नर्सवर फुटले. चौकशीत त्या पोरीने फक्त एकदा त्यांच्याकडे पाहिले होते.

"मी एक शब्द बोलले असते तर ती वाचली असती. मी चष्मा काढला आणि पुसत बसले."

मग त्यांनी मान वर केली. "ती पोरगी ही."

सगळे चेहरे खिडकीकडे वळले.

"बोल ना गं काहीतरी," मेट्रनबाई म्हणाल्या. "शिव्या दे हवं तर. पण एक शब्द बोल. मलाही झोप नाही."

शब्द तिच्या ओठांशी आला होता. तो उच्चारला तर आज रात्री दोघींचाही डोळा लागेल, हे तिला कळत होते.

तिलाही आता चष्मा लागला होता. तो तिने काढला. काचांवर हलकेच फुंकर घातली, पर्समधून रुमाल काढला आणि आधी एक काच पुसली, मग दुसरी, सावकाश, कडांपर्यंत.

"या गप्प बसण्यात काय आहे, ते पाहू या का?" समुपदेशिकेने हळूच विचारले.

मेट्रनबाई त्या रुमालाकडे टक लावून बघत होत्या. अखेर त्यांनी मान डोलावली.

"पोचलं," त्या म्हणाल्या. "सगळं."