प्रिंटरवरचा हात

झूराकान-एजेचं निरोपाचं मानपत्र प्रिंटरच्या पोटात अर्ध्यावर अडकलं आणि कचेरीत हशा पिकला.

नारीन नदीकाठच्या त्या पाणीवाटप कचेरीत हा प्रिंटर अकरा वर्षं फक्त एजेचंच, म्हणजे सगळ्यांच्या या थोरल्या ताईचंच, ऐकत आला होता. पोराचं दुखणं उतरवताना बायका लेकरांच्या देवीचं नाव घेऊन पुटपुटतात, तसं ती पुटपुटायची, "माझा हात नव्हे, उमाय-आईचा हात," आणि त्याच्या डाव्या कुशीत एक चापट द्यायची. की मेला सुरू! पण आज दुपारी बाराला एजे निवृत्त झाली होती. डोक्यावर भेट मिळालेला नवा रुमाल, पुढ्यात तळलेल्या बोरसोक-पुऱ्यांची रास आणि चहा.

"मी आता पाहुणी," ती म्हणाली. "पाहुणीला कामाला जुंपतात का कुणी?"

साहेबांनी, म्हणजे तोकतोसुन-बाइके या थोरल्या दादांनी, प्रिंटरला आधी दम भरला, मग विनवलं, मग लाथ घातली. त्यानं लाल दिवा दाखवला.

"बाइके, नोटीसच द्या त्याला," ड्रायव्हर शामशी म्हणाला.

"आणि छापू कुठे? तुझ्या टकलावर?"

एजे पोट धरून हसली. सोमवारी हे सगळं आपल्यावाचून बिनबोभाट चाललं तर, ही धास्ती तिला महिनाभर खात होती. प्रिंटर अडला म्हणून तिला, खरं सांगायचं तर, बरंच वाटत होतं.

मग बेर्मेत उठली. सोमवारपासून एजेच्या खुर्चीत तीच बसणार होती. उमाय-आईचं नाव घेऊन तिनं चापट मारली. काही नाही. आणखी जोरात मारली. ढिम्म!

"आईसुद्धा ओळखीची लागते गं," शामशीनं चिडवलं.

बेर्मेतनं एजेकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "माझा हात नव्हे, झूराकान-एजेचा हात."

चापट बसली. प्रिंटर खोकला, कण्हला आणि मानपत्र बाहेर आलं, नेहमीसारखं तिरकं. सगळ्यांनी एकच गिल्ला केला.

एजे रुमालाच्या टोकानं डोळे पुसत प्रिंटरपुढे जाऊन उभी राहिली.

"लबाडा! माझ्यासाठी एक दिवस तरी अडून बसायचंस की रे!"

मग तिनं बेर्मेतचा हात धरला आणि प्रिंटरच्या कुशीवर चार बोटं खाली सरकवला.

"इथं मारत जा, पोरी. इथं त्याला गुदगुल्या होतात."