पायांचं रॉकेट

सातवीतल्या शालूनं विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं रॉकेट केलं होतं आणि त्याला खाली चार पाय लावले होते. "माघारी आल्यावर उभं राहायला," ती म्हणाली. रायभान सर सगळ्या वर्गासमोर हसले. "अगं, रॉकेट हाय का पाथरीची एसटी, सांजच्याला माघारी यायला?" पोरंही हसली. सरांनी तिचं रॉकेट तालुक्याला पाठवलंच नाही.

त्याला वीस वर्षं झाली. निवृत्तीला सहा महिने उरले असताना सरांनी वर्गातल्या टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. आभाळातून खाली आलेलं रॉकेट आग ओकत, हळूहळू, अलगद जमिनीवर उभं राहिलं. चार पायांवर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांना मात्र मान वर करवेना.

शाळा सुटल्यावर त्यांनी मोटारसायकल काढली आणि शालूचं सासर विचारत विचारत ताडकळस गाठलं. ती शिलाई मशीनवर बसली होती. सरांनी तिच्यापुढं मोबाइल धरला. "शालू, तुझंच बरोबर होतं बघ. मीच चुकलो. माफ कर, बाई."

शालूनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मग दारात अभ्यास करत बसलेल्या लेकीकडं तिची नजर गेली आणि तिचा चेहराच उतरला.


"सर, परवा हिनंबी असंच पायांचं रॉकेट काढलं होतं. मीच खोडायला लावलं. म्हणलं, आमच्या सरांनी सांगितलंय, तसलं काही नसतंय."