इंदुमती मसाले

गळ्यातल्या सवतीच्या टाकाला हळदकुंकू लावून मगच तिनं वकिलांपुढे चहा ठेवला. चांदीच्या त्या इवल्याशा टाकात नवऱ्याची पहिली, देवाघरी गेलेली बायको होती. तिला पुजल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा नेम लग्नापासून कधी मोडला नव्हता.

टेबलावर मसाल्याची पुडी होती. तिच्यावर सवतीचा हसरा फोटो, खाली ‘इंदुमती मसाले’. याच नावाचा ट्रेडमार्क घ्यायचा होता.

“आता माझं नाव घाला की,” ती हळूच म्हणाली. “इतकी वर्षं मिरच्या मीच भाजतेय.”

“अगं, गिऱ्हाईक इंदूच्या नावानं येतं,” नवरा म्हणाला. “तुला कोण ओळखतंय?”

इंदू म्हणताना त्याचा आवाज मऊ झाला. हिला त्यानं नावानं कधी हाकही मारली नव्हती.  पदर सारखा करत तिनं वकिलांना विचारलं, “नोंदणी झाली की हे नाव कुणाचं होणार?”

“ज्याच्या नावानं अर्ज, त्याचं. मग त्याच्या परवानगीशिवाय कुणाला ते धंद्यात वापरता येत नाही, वहिनी.”

“मग मालकीण म्हणून मला घाला.”

नवरा हसला. “घाला हो. घरातच राहतंय.”

“आणि ह्यांना पुडीवर ते नाव घालायचं असलं तर?”

“कायद्यानं तुम्हाला विचारावं लागेल.”

“विचारू देत,” ती म्हणाली. “तिच्यासाठी का होईना, एकदा मला विचारू देत.”