दातांत धरायची विजेरी

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत तीन विजेऱ्यांची परीक्षा आणि त्या परीक्षकावर आलेला संशय यांचे कथन करण्यात येणार आहे. जे घडले तेच क्रमाने लिहिले आहे. पदरचे काहीही घातलेले नाही.

"हे फुकट काऊन करून राह्यले तुमी?" रंजीताताईंनी विचारले.

विजेऱ्या तपासायला आलेल्या कुलदीपने पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. मूल गावाच्या बसमधून उतरून त्याला अर्धा तास झाला होता. समोरचा चहा त्याने अद्याप ओठांना लावला नव्हता.

भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांवर चादरी बांधून आत अंधार करण्यात आला होता. महिला बचत गटाच्या बारा स्त्रिया भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोहफुलांचा हंगाम आठ दिवसांवर आला होता. पहाटे वेचायला जाणाऱ्या प्रत्येकीस नवी विजेरी द्यायची होती आणि खरेदीच्या कागदावर अध्यक्ष या नात्याने रंजीताताईंची सही व्हायची होती.

मागील वर्षीही सही त्यांचीच होती. मागील वर्षी मोहाच्या झाडाखाली गटातल्या ठमाबाईची विजेरी विझली आणि वाघाने तिला नेले.

त्या विजेऱ्या गटातल्याच केसरबाईच्या जावयाने नागभीडहून आणल्या होत्या. तेराव्यानंतर रंजीताताई स्वतः तिथल्या स्टेशन रोडला जाऊन आल्या. पानठेल्याच्या बाजूच्या त्या दुकानाचे निळे शटर बंद होते. मालक कुठे गेला, हे पानठेलेवाल्यासही ठाऊक नव्हते.

अशा स्थितीत एका अनोळखी इसमाने फोन करून 'तुमच्या बॅटऱ्या मी तपासून देतो, पैसे नको' असे सांगितले, तर संशय कोणासही यावा.

"कोनत्या दुकानदाराचे मानूस आहा?"

"कोनाचाच नाई, ताई."

"तुमचं सोताचं दुकान?"

"आता नाई. घरीच दुरुस्ती करतो."

"मंग चहा तं प्या," केसरबाई म्हणाली. "जहर नाई टाकलं आमी."

स्त्रिया हसल्या. कुलदीपने कप बाजूला सारला आणि पहिली विजेरी उचलली.

नमुन्यादाखल आणलेल्या तिन्ही विजेऱ्या दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या होत्या, कारण गावातल्या किराणा दुकानात तेच सेल मिळतात. कोणती कोठून आणली, ते रंजीताताईंनी चिठ्ठ्यांवर लिहून पदराच्या गाठीत बांधून ठेवले होते.

पहिली चंदेरी होती. कुलदीपने झाकणाच्या आट्यांवरून अंगठा फिरवला व ती पाण्याच्या बादलीत बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. भिंतीवर तिचे पांढरेशुभ्र, रेखीव वर्तुळ पडले. वर्तुळाबाहेर मात्र पूर्ण काळोख होता.

"लांब जाते हे," एकजण म्हणाली.

"जाते. पन बाजूचं काई दिसत नाई. वाघ समोरून येत नाई, बाई."

त्याने ती विझवून बाजूला ठेवली.

दुसरी पिवळ्या प्लास्टिकची होती. तिचा प्रकाश पसरत असे, परंतु मध्यभागी काळा डाग पडत होता. मागे बोटाने दाबताच ती लुकलुकली. ती पहिलीच्या शेजारी गेली.

तिसरी ओबडधोबड, हलकी व मागे रबर असलेली होती. कुलदीपने ती पेटवून दातांत धरली, कंबरेत वाकला आणि फुले वेचावीत तसे दोन्ही हात जमिनीवर चालवले. समोरची फरशी उजळली व दोन्ही बाजूंना बसलेल्या स्त्रियांचे पायही दिसले.

रंजीताताई उठून उभ्या राहिल्या. वेचताना दोन्ही हात लागतात, म्हणून बाया विजेरी दातांत धरतात, हे कोणीही त्यास सांगितले नव्हते.

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"आयकलं होतं."

"कोनापासून?"

"वजनदार बॅटरी दातातून निसटते, ताई. पडली का मागची स्प्रिंग दबूनच राह्यते. मंग ते पेटत नाई."

असे म्हणून त्याने पिशवीतून चौथी विजेरी काढली. ती जड, पोलादी व दिसण्यास अत्यंत देखणी होती. पेटवून त्याने ती दातांच्या उंचीवरून सोडली. ती विझली. तो तिच्याकडे पाहतही नव्हता.

"हे तं ठमाची होय," केसरबाई हळूच म्हणाली.

"तसलीच आहे. विकाची नाई हे."

"समजलं मले," रंजीताताई म्हणाल्या. "खराब दाखवून भेव घालाचं आन् आपल्या मानसाची खपवाची. तिसरी कोनाची आहे, सांगू का सगळ्याईले?"

"सांगा. मले मालूम नाई."

रंजीताताईंनी गाठ सोडली, तिसरी चिठ्ठी उघडली आणि वाचता वाचता थांबल्या. ती विजेरी त्यांनीच मूलच्या आठवडी बाजारात, पोत्यावर माल मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्याकडून केवळ संख्या भरावी म्हणून उचलली होती. त्या म्हाताऱ्याला कोणी दलाल असणे शक्य नव्हते.

केसरबाईने ती दातांत धरून पाहिली. "दात आहेत तवरक ठीक आहे. मंग दातबी तुमीच आनून द्या, भाऊ."

सर्व हसल्या. कुलदीप हसला नाही.

रंजीताताईंनी खाली पाहत सही केली. मग कागद त्याच्यापुढे सरकवला. आवाज मऊ झाला होता, पण शंका पुरती गेली नव्हती.

"तपासनारा म्हनून नाव लिवा. पुरं नाव, पत्त्यासकट. विझली तं कोनाले धराचं, हे आमाले मालूम पाह्यजे."

त्याने 'कुलदीप' एवढे लिहिले आणि पेन थांबले. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"बाकीचं लिहून कळवतो," तो म्हणाला व निघून गेला. चहावर साय धरली होती.

कथा येथे समाप्त होते. आपण ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल सर्व वाचकांचे आणि विशेषतः रंजीताताईंचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. कागदावर लिहावयाचे राहिलेले येथे लिहीत आहे.

कुलदीप बोरकुटे,
निळे शटर, पानठेल्याच्या बाजूला, स्टेशन रोड, नागभीड.