प्रस्थान ठेवलेली पिशवी

शनिवारी निघायला मुहूर्त नव्हता, म्हणून रीतीप्रमाणे प्रमिलाबाईंनी बुधवारीच प्रस्थान ठेवलं. पाण्यातून बाहेर आल्यावर घालायच्या तिघांच्या कपड्यांची पिशवी शेजारच्या भिकुबाईंच्या देवघरात नेऊन ठेवली. पिशवी निघाली की माणूस निघालाच.

खाऱ्या पाण्यात उभं असलेलं खाडीचं जंगल बघायचं, भरतीत डुंबायचं आणि रविवारी रात्रीच परतीची गाडी धरायची, हा त्यांच्या नवऱ्याचा, छगनभाऊंचा बेत. पारोळ्यात जन्म गेलेला. समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता.

शनिवारी दशम्या बांधून प्रमिलाबाई पिशवी आणायला गेल्या. पिशवी जड आणि ओली लागली.

“हाई वल्ली कशी वं, भिकुबाई?”

“काय माहीत, अक्का! ठेयेल व्हती तशीच शे. कोणी हात बी लावा नही.”

प्रमिलाबाईंनी तिथंच पिशवी उघडली. वर त्यांचं लुगडं होतं, नेसून सोडल्यासारखं चुरगळलेलं, काठाला काळा चिखल. त्याखाली लेकीचा फ्रॉक, खिशात शिंपले. दोन्हींना खारट वास येत होता.

तळाशी छगनभाऊंचा सदरा होता. ओल्या कपड्यांखाली असूनही कोरडा. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“चाल वं लवकर,” अंगणातून छगनभाऊंनी हाक मारली, “यष्टी चुकी जाई!”